एका खंडित दिवसाची हकीकत

इतिहासांतील कांहीं गोष्टी पुराव्याच्या बळावर टिकतात आणि कांहीं केवळ आवडीच्या बळावर. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींना आयुष्य बहुधा अधिक लाभतें, असा इतिहास शिकविणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. त्या ऐकावयास सुटसुटीत असतात, सांगावयास सोप्या असतात, आणि मुख्य म्हणजे त्यांचा शेवट ऐकणाऱ्याच्या मनाला समाधान देतो. टेलिव्हिजनच्या इतिहासाच्या अगदीं आरंभींच अशी एक गोष्ट येऊन बसली आहे. ती ज्या दिवसाविषयीं आहे तो दिवस म्हणजे शुक्रवार, ता. १ सप्टेंबर १९३९.

गोष्ट अशी सांगतात. जर्मन सैन्य त्या दिवशीं पहांटे पोलंडांत शिरलें होतें. लंडनच्या टेलिव्हिजनवर दुपारीं मिकी माउसचा एक व्यंगचित्रपट चालू होता. तो अर्ध्यावर आला असतांना सरकारचा हुकूम येऊन धडकला आणि पडदा एकाएकीं काळा पडला. पुढें जवळजवळ सात वर्षें तो काळाच राहिला. युद्ध संपून सन १९४६ मध्यें केंद्र पुन्हां उघडलें, तेव्हां निवेदक पडद्यावर आला, ‘मध्यें व्यत्यय आला त्या वेळीं आम्ही सांगत होतों त्याप्रमाणें’ अशा अर्थाचें एक वाक्य तो शांतपणें बोलला, आणि मिकीचा तोच पट ज्या चित्रावर तुटला होता त्याच चित्रापासून पुढें सुरू झाला.

गोष्ट फार चांगली आहे. महायुद्धासारख्या प्रचंड उत्पाताला एका वाक्यांत ‘व्यत्यय’ म्हणून बाजूस सारणें यांत इंग्रजी स्वभावाचें चित्र मोठें मार्मिक उतरलें आहे. मला ती इतकी आवडली होती कीं, दुसऱ्या महायुद्धाचा भाग शिकवितांना मीं ती वर्गांत अनेकदां सांगितली. एका वर्षीं मागच्या बांकावरील एका विद्यार्थिनीनें तास संपल्यावर मला विचारलें, “सर, हें कोठें लिहिलेलें आहे?” मीं एका पुस्तकाचें नांव सांगितलें. घरीं जाऊन तें पुस्तक काढलें, तर त्यांत ती गोष्ट होती, पण आधार कांहींच दिलेला नव्हता. दुसऱ्या पुस्तकांतही तसेंच. प्रत्येक लेखकानें ती मागच्या लेखकाकडून उसनी घेतली होती. तेव्हां त्या दिवशीं खरोखर काय घडलें याचा शोध घेणें मला भाग पडलें. तो शोध येथें मांडतों.

प्रथम त्या काळचें टेलिव्हिजन म्हणजे काय प्रकार होता तें पाहूं. लंडनच्या उत्तरेस एका टेंकडीवर अलेक्झांड्रा पॅलेस नांवाची एक विस्तीर्ण इमारत आहे. लोकांच्या करमणुकीसाठीं ती सन १८७३ मध्यें उघडली, पंधरवडा उलटतांच आगींत जळाली, आणि १८७५ मध्यें पुन्हां उभी राहिली. या इमारतीचा एक भाग बी.बी.सी.नें घेतला, तीवर लोखंडी मनोरा चढविला, आणि तेथून ता. २ नोव्हेंबर १९३६ रोजीं नियमित टेलिव्हिजन-प्रक्षेपण सुरू केलें. त्या वेळीं दोन पद्धतींची स्पर्धा होती. एक जॉन लोगी बेअर्ड यांची २४० रेषांची, व दुसरी मार्कोनी-ई.एम.आय. या कंपनीची ४०५ रेषांची. बेअर्ड यांनीं सन १९२६ च्या जानेवारींत लंडनच्या सोहो भागांतील एका माडीवर हलतीं चित्रें दूर पाठवून दाखविलीं होतीं. त्यामुळें लोकांच्या मनांत टेलिव्हिजन म्हणजे बेअर्ड असें समीकरणच होऊन बसलें होतें. पण त्यांच्या पद्धतींत बराचसा भाग आधीं फिल्मवर टिपावयाचा, ती फिल्म मिनिटभराच्या आंत रसायनांत धुवावयाची, आणि ओली असतांनाच तिच्यावरून चित्र पाठवावयाचें, असा खटाटोप होता. उलट आयझॅक शोएनबर्ग यांच्या हाताखालीं ई.एम.आय.च्या शास्त्रज्ञांनीं तयार केलेला एमिट्रॉन कॅमेरा समोरचें दृश्य सरळ विद्युत्संकेतांत रूपांतरित करी. प्रारंभीं या दोन पद्धती आळीपाळीनें वापरल्या. तीन महिन्यांतच निकाल लागला, आणि १९३७ च्या फेब्रुवारीपासून बेअर्ड यांची पद्धति बंद झाली. ४०५ रेषांची पद्धति मात्र इंग्लंडांत १९८५ च्या जानेवारीपर्यंत कोठें ना कोठें चालू होती.

सुरुवातीला कार्यक्रम दिवसांतून दोनच तास होत. दुपारीं ३ ते ४ आणि रात्रीं ९ ते १०, रविवारीं सुटी. ग्राहक यंत्राची किंमत आरंभीं शंभर गिनीच्या घरांत होती. एवढ्या पैशांत त्या काळीं लहानशी मोटारगाडी मिळे. चित्र लहान, म्हणजे एखाद्या पाटीएवढें, आणि तें स्पष्ट दिसावें म्हणून खोलींतले दिवे मंद करून बसावें लागे. पण एवढ्या तुटपुंज्या साधनांतून त्या लोकांनीं काय काय करून पाहिलें याची यादी वाचली म्हणजे मन थक्क होतें. ता. १२ मे १९३७ रोजीं सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाची मिरवणूक हाइड पार्कच्या कोंपऱ्यावर कॅमेरे नेऊन दाखविली. त्याच वर्षीं विंबल्डनचे टेनिसचे सामने दाखविले. मिडलटन नांवाचे गृहस्थ बागकामाचे धडे देत, बूलेस्तॅं नांवाचे फ्रेंच आचारी पाककृति करून दाखवीत. सन १९३७ च्या युद्धविरामदिनीं, ता. ११ नोव्हेंबरला, पहिल्या महायुद्धांतील खंदकांवरचें शेरिफ यांचें ‘जर्नीज् एंड’ हें नाटक झालें. पुढच्या वर्षीं यंत्रमानवांवरचें कारेल चापेक यांचें ‘आर. यू. आर.’ हें नाटक झालें.

आणि या सर्वांत एक प्रक्षेपण असें होतें कीं, आज त्याची आठवण विशेष बोचते. ता. ३० सप्टेंबर १९३८ रोजीं पंतप्रधान चेंबरलेन म्युनिकहून विमानानें हेस्टनच्या तळावर उतरले. हिटलरच्या सहीचा कागद त्यांनीं तेथें हात उंचावून जमावाला दाखविला. त्या वेळीं बी.बी.सी.चे टेलिव्हिजन-कॅमेरे तळावर हजर होते, आणि लंडनांतील कांहीं थोड्या घरांतून लोकांनीं तें दृश्य घडत असतांनाच पाहिलें. शांततेचा तो कागद ज्यांनीं आपल्या दिवाणखान्यांत बसून पाहिला, त्यांच्याच दिवाणखान्यांतला पडदा अकरा महिन्यांनीं काळा पडावयाचा होता.

आतां त्या दिवसाकडे वळूं. १९३९ च्या उन्हाळ्यापर्यंत टेलिव्हिजनचें पाऊल कांहींसें स्थिरावलें होतें. लंडन व आसपासच्या टापूंत सुमारें वीस हजार यंत्रें विकलीं गेलीं होतीं. लहान यंत्रें बऱ्याच कमी किंमतींत मिळूं लागलीं होतीं. ऑगस्टच्या अखेरीस ऑलिंपिया येथें रेडिओ-यंत्रांचें वार्षिक प्रदर्शन भरलें होतें, आणि येत्या हिंवाळ्यांत खप वाढेल अशी व्यापाऱ्यांना आशा होती. दुकानदारांना गिऱ्हाइकांपुढें यंत्र चालवून दाखवितां यावें म्हणून सकाळच्या वेळींही कांहीं फिल्मा प्रक्षेपित करण्याची वहिवाट होती. १ सप्टेंबरची सकाळ याच वहिवाटीप्रमाणें सुरू झाली.

बाहेर मात्र तो दिवस नेहमींचा नव्हता. लंडनच्या शाळांतील मुलें गळ्यांत नांवाच्या चिठ्ठ्या आणि खांद्याला विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांच्या पेट्या अडकवून त्याच सकाळीं आगगाडीच्या स्टेशनांवर रांगेनें निघालीं होतीं. त्या रात्रींपासून सर्वत्र दिवे झांकून ठेवण्याचा हुकूम होता. त्याच संध्याकाळीं बी.बी.सी.च्या नभोवाणीचे दोन निरनिराळे कार्यक्रम बंद होऊन त्यांच्या जागीं एकच ‘होम सर्व्हिस’ सुरू व्हावयाची होती. अलेक्झांड्रा पॅलेसमध्यें केंद्र बंद करण्याचा हुकूम त्या दिवशीं सकाळींच पोंचला होता; तो कार्यक्रमाच्या मध्यें वज्रपातासारखा आला नाहीं.

दुपारीं १२ वाजून ५ मिनिटांनीं ‘मिकीज् गाला प्रीमियर’ हा सन १९३३ चा डिस्ने यांचा व्यंगचित्रपट लावण्यांत आला. तो सगळा सात-आठ मिनिटांचा. तो अर्ध्यावर तोडला गेला नाहीं. आरंभापासून शेवटपर्यंत दाखविला गेला. त्यानंतर चित्र व ध्वनि यांच्या जुळणीसाठीं नेहमीं पाठवीत ते संकेत कांहीं वेळ चालू राहिले, आणि सुमारें १२ वाजून ३५ मिनिटांनीं प्रक्षेपक यंत्र बंद करण्यांत आलें. दुपारचे व रात्रीचे जे कार्यक्रम साप्ताहिकांत आधींच छापून गेले होते ते झालेच नाहींत. प्रेक्षकांना पूर्वसूचना जवळजवळ नव्हतीच. ज्यांनीं त्या दिवशीं दुपारीं ३ वाजतां आपलें यंत्र सुरू केलें असेल त्यांना आपल्या यंत्रांतच बिघाड झाला असें क्षणभर वाटलें असल्यास नवल नाहीं.

केंद्र बंद कां केलें, याचीं कारणें लष्करी होतीं. टेलिव्हिजनच्या लहरी एका ठराविक मनोऱ्यावरून, एका ठराविक जागेवरून निघतात. शत्रूच्या विमानाला त्या लहरींच्या रोखानें लंडनची दिशा काढतां येणें शक्य होतें. म्हणजे रात्रीं सारे दिवे झांकावयाचे आणि टेंकडीवरचा हा अदृश्य दिवा मात्र जळत ठेवावयाचा, असें झालें असतें. दुसरें कारण माणसांचें. अतिसूक्ष्म लहरी आणि कॅथोड-किरणांच्या नळ्या यांचें ज्ञान असणारे तंत्रज्ञ त्या वेळीं देशांत मोजकेच होते, आणि रडारच्या कामाला नेमके तेच हवे होते. पाय कंपनीनें टेलिव्हिजनसाठीं तयार केलेला लहरी ग्रहण करणारा भाग पुढें विमानांतील रडार-यंत्रांत वापरला गेला. खुद्द अलेक्झांड्रा पॅलेसचें प्रक्षेपक यंत्रही स्वस्थ बसलें नाहीं. जर्मन बाँबफेकी विमानांना लक्ष्याचें अंतर कळविणाऱ्या लहरी कोणत्या पट्ट्यांत आहेत हें ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं हुडकून काढल्यावर, सन १९४१ च्या प्रारंभीं याच यंत्राकडून त्या लहरींत घोटाळा माजवून विमानांची दिशाभूल करण्यांत आली. ज्या मनोऱ्यावरून मिकीचें स्वप्न घरोघर गेलें होतें, त्याच मनोऱ्यावरून दीड वर्षानें शत्रूच्या वैमानिकांना खोटें अंतर सांगितलें जात होतें. पडदा काळा होता, पण यंत्र झोंपलें नव्हतें. हा भाग त्या लोकप्रिय गोष्टींत कोठेंच येत नाहीं.

आतां गोष्टीचा दुसरा शेवट पाहूं. केंद्र पुन्हां उघडलें तें शुक्रवार, ता. ७ जून १९४६ रोजीं. मध्यें गेलीं सहा वर्षें, नऊ महिने आणि सहा दिवस. पडद्यावर प्रथम आली ती युद्धापूर्वीचीच निवेदिका जॅस्मिन ब्लाय. तिनें प्रेक्षकांना नमस्कार करून, आपली आठवण आहे काय, असें विचारलें. त्यानंतर भाषणें झालीं, मार्गो फाँटेन हिचें नृत्य झालें, शॉ यांचें ‘द डार्क लेडी ऑफ द सॉनेट्स’ हें छोटेखानी नाटक झालें. मिकीचा तोच व्यंगचित्रपट त्या दिवशीं मुद्दाम दाखविला गेला, हें खरें. पण तो तुटलेल्या चित्रापासून सुरू झाला नाहीं, कारण तो मुळीं तुटलाच नव्हता. पूर्वीप्रमाणेंच तो आरंभापासून दाखविण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं लंडनांत विजयसंचलन निघावयाचें होतें, आणि तें दाखवितां यावें हाच केंद्र उघडण्याचा मुहूर्त ठरविण्यामागचा हेतु होता.

मग तें ‘व्यत्यय आला त्या वेळीं’ हें प्रसिद्ध वाक्य आलें कोठून? त्याचा माग लागतो तो दुसरीकडेच. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रांत विल्यम कॉनर हे ‘कॅसँड्रा’ या टोपण नांवानें सदर लिहीत. युद्धकाळांत ते सैन्यांत गेले व सदर बंद पडलें. सन १९४६ मध्यें परत येऊन त्यांनीं जें पहिलें सदर लिहिलें, त्याची सुरुवात त्यांनीं अशाच अर्थाच्या वाक्यानें केली. वाक्य एकाचें, घटना दुसऱ्याची. दोन्ही त्याच देशांतल्या आणि त्याच वर्षांतल्या. लोकांच्या स्मरणांत त्या एकमेकींत मिसळल्या. आणि कॉनर यांच्याही आधीं हें वाक्य फिरत होतेंच. सोळाव्या शतकांत स्पेनमधील सालामांका विद्यापीठांत फ्राय लुइस दे लेओन नांवाचे पंडित होते. धर्मन्यायालयानें त्यांना १५७२ पासून १५७६ पर्यंत तुरुंगांत डांबलें होतें. सुटून आल्यावर त्यांनीं व्याख्यानाचा आरंभ ‘काल आपण म्हणत होतों त्याप्रमाणें’ या शब्दांनीं केला, अशी आख्यायिका आहे. ती छापली गेली मात्र पुढच्या शतकांत, त्यांच्या मृत्यूनंतर. तात्पर्य, हें वाक्य बहुरूप्यासारखें देशोदेशीं हिंडत असतें, आणि जेथें कोठें एखादें मोठें काम जुलमानें खंडित झालें असेल तेथें जाऊन वस्ती करतें. माणसांना त्याची गरज असते. घाला पडला तरी आपला धागा तुटला नाहीं, असें स्वतःला सांगावयाचें असतें.

येथें पुराव्याच्या स्वरूपाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण टेलिव्हिजनच्या इतिहासाची खरी अडचण तेथेंच आहे. त्या काळचे कार्यक्रम प्रत्यक्ष होत असतांनाच प्रक्षेपित होत आणि हवेंत विरून जात. ते टिपून ठेवण्याचें साधनच नव्हतें. एखादें नाटक लोकांना आवडलें व पुन्हां दाखवावयाचें ठरलें, तर सर्व नटांना पुन्हां बोलावून, पुन्हां पोषाख चढवून, सबंध प्रयोग पुन्हां करावा लागे. युद्धापूर्वींच्या लंडनच्या टेलिव्हिजनचीं, पडद्यावर दिसलीं तशीं टिपलेलीं चित्रें म्हणून जीं काय उरलीं आहेत तीं सुमारें चार मिनिटांचीं. सन १९३८ मध्यें वातावरणाच्या एका चमत्कारिक स्थितीमुळें लंडनच्या लहरी अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कजवळ पोंचल्या, आणि तेथील एका कंपनीच्या तंत्रज्ञांनीं आपल्या पडद्यावर उमटलेलीं चित्रें फिल्मेवर उतरवून घेतलीं. त्या मूक, अस्पष्ट तुकड्यांत जॅस्मिन ब्लाय दिसते. घरीं उरलें नाहीं तें असें परदेशांत उरलें. बाकी तीन वर्षांतले शेंकडों प्रयोग, गाणीं, सामने आणि मिरवणुका यांचा मागमूस कागदावर जेवढा आहे तेवढाच.

हा कागदही दोन प्रकारचा आहे. एक ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकांत आधीं छापलेला कार्यक्रम. हा संकल्पाचा कागद. दुसरा कार्यक्रम होऊन गेल्यावर कचेरींत रोजच्या रोज लिहिलेली नोंद. हा घटनेचा कागद. बी.बी.सी.च्या कॅव्हर्शॅम येथील लेखी दप्तरांत अशा रोजच्या नोंदी सांभाळून ठेवल्या आहेत. कोणता कार्यक्रम किती वाजतां सुरू झाला, किती वाजतां संपला, कोणती फिल्म लावली, असा तो कोरडा मजकूर. मिकीची आख्यायिका मोडून पडली ती या कोरड्या नोंदींपुढें. आपल्या इतिहाससंशोधनाशीं परिचय असलेल्या वाचकांना हें नवें वाटूं नये. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापावयास घेतलीं, तेव्हां बखरींतल्या रसाळ हकीकतींपेक्षां त्या त्या दिवशीं लिहिलेलें एखादें रूक्ष पत्र अधिक मोलाचें, हाच त्यांचा आग्रह होता. बखरकार प्रसंग रंगवितो, कारण त्याला श्रोता समोर दिसत असतो. रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनाला कोणीच दिसत नसतें. त्याला हिशेब पुरा करून घरीं जावयाचें असतें. म्हणूनच तो खोटें लिहिण्याचा त्रास सहसा घेत नाहीं. मुंबईंत किंवा पुण्यांत दप्तरें चाळलेल्या अभ्यासकानें कॅव्हर्शॅमची नोंद पाहिली, तर तिची जात त्याला तत्काळ ओळखूं येईल.

आणि हा प्रश्न केवळ इंग्रजांचा नाहीं. १९८३ च्या विश्वचषक-स्पर्धेंतील एक प्रसंग सर्वांच्या तोंडीं आहे. ता. १८ जून रोजीं टनब्रिज वेल्स येथें झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पांच गडी १७ धावांत बाद झाले असतां कपिल देव यांनीं नाबाद १७५ धावा केल्या, आणि भारतानें तो सामना ३१ धावांनीं जिंकला. त्या खेळीचें चित्रण उपलब्ध नाहीं. कां नाहीं? त्या दिवशीं बी.बी.सी.मध्यें संप होता म्हणून, असें आपल्याकडे लहान मुलेंही सांगतात. मींही लहानपणीं तेंच ऐकलें आणि पुढें तेंच सांगितलें. पण त्याच एका दिवशीं इंग्लंडांत विश्वचषकाचे चार सामने चार ठिकाणीं चालू होते, आणि कॅमेरे नेतांना अर्थातच मोठ्या संघांच्या सामन्यांकडे ओढा असावयाचा, ही साधी गोष्ट कोणी विचारांत घेत नाहीं. संपाची हकीकत सांगणाऱ्यांपैकीं कोणींही मला आजवर कागद दाखविलेला नाहीं. ‘संप’ म्हटलें कीं दैवानें हिरावून नेल्याची हळहळ राहते. ‘कॅमेरा दुसऱ्या सामन्याकडे होता’ म्हटलें कीं आपल्या संघाची त्या वेळीं किती किंमत होती हें कबूल करावें लागतें. पहिली हकीकत टिकली, यांत आश्चर्य तें काय?

कोणी म्हणेल, एका व्यंगचित्रपटाची सात मिनिटें पुरीं झालीं कीं अर्धीं राहिलीं, एवढ्यासाठीं हा खटाटोप कां? मलाही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु विचार करतां असें दिसतें कीं, या फरकांत कांहीं महत्त्वाचें दडलें आहे. आख्यायिकेंतलें युद्ध हा एक विराम आहे. तेथें पट थांबतो आणि पुन्हां चालू लागतो. मधल्या सात वर्षांत जणूं कोणाचें कांहीं गेलेंच नाहीं. प्रत्यक्षांत तसें झालें नाहीं. १९३९ च्या त्या दुपारीं पडद्यापुढें बसलेल्या घरांतलीं मुलें दूर गांवीं गेलीं होतीं, पुढें त्यांतलीं कित्येक घरेंच बाँबवर्षावांत नाहींशीं झालीं, आणि घरांतले तरुण लढाईवर गेले ते सर्व परत आले नाहींत. ज्यांच्या नांवानें टेलिव्हिजन ओळखलें जाई ते बेअर्ड सन १९४६ च्या जूनमध्यें आजारीं होते. केंद्र उघडल्यानंतर बरोबर एका आठवड्यानें, ता. १४ जूनला, ते वारले. १९४६ मध्यें जें सुरू झालें तें पूर्वींचें उरलेलें नव्हतें. तें नव्यानें मांडलेलें होतें. ‘पुढें चालू’ आणि ‘पुन्हां पहिल्यापासून’ या दोहोंतील अंतर ज्यांनीं कांहीं गमावलें आहे त्यांना समजावून सांगावें लागत नाहीं. तें अंतर पुसून टाकणारी गोष्ट कितीही गोड असली तरी गेलेल्यांवर ती थोडा अन्याय करते.

त्या व्यंगचित्रपटाच्या कथानकाकडे मात्र या शोधामुळें माझें लक्ष गेलें. हॉलिवुडांत मिकीच्या चित्रपटाचा पहिला खेळ आहे, मोठमोठे नट-नटी सजून आले आहेत, सर्व त्याचें अभिनंदन करीत आहेत, खुद्द ग्रेटा गार्बो त्याचीं चुंबनें घेत आहे. आणि मग त्याला जाग येते. चुंबनें कसलीं, त्याचा कुत्रा प्लूटो त्याचें तोंड चाटीत असतो. सारें स्वप्न होतें. पट अर्ध्यावर तुटला असता तर लंडनच्या प्रेक्षकांच्या मनांत मिकी सात वर्षें त्या स्वप्नांतच राहिला असता. आख्यायिका रचणाऱ्यांना कदाचित् तेंच हवें होतें. पण कचेरींतल्या त्या कारकुनाच्या नोंदीप्रमाणें पट पुरा झाला. म्हणजे मिकी जागा झाला, तो लोकांनीं पाहिला, आणि त्यानंतरच यंत्र बंद झालें.

त्या विद्यार्थिनीचें शिक्षण कधींच पुरें झालें. ती आतां कोठें असते मला ठाऊक नाहीं. पण तेव्हांपासून वर्गांत ही गोष्ट सांगतों ती दोन्ही अंगांनीं सांगतों. आधीं आख्यायिका, आणि मग नोंद. पहिलीला मुलें हंसतात. दुसरी सांगून झाल्यावर वर्ग क्षणभर गप्प असतो.